तिसरं टोक

१

दवाखान्यात प्रत्येक खाटेशी एक वायर लोंबकळत असते आणि तिच्या टोकाला लाल बटण. रुग्णाने ते दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर बेल वाजते, खाटेचा आकडा उजळतो. सिस्टर टेबलावरचं हिरवं बटण दाबतात. त्यावर लिहिलेलं असतं, ‘आले’. बेल थांबते, खाटेवर छोटा दिवा लागतो आणि रुग्णाला कळतं की कोणीतरी निघालं आहे. एवढंच. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं छोटीला सहा वर्षं वाटत आलं होतं. सहा वर्षांपूर्वी ही यंत्रणा तिनेच बसवून घेतली होती, कागदावर सहीही तिचीच होती.

छोटीचं वय अडतीस. दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, संगणक विभाग होता. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि छोटी. तिला खरं नाव होतं, पण तिची मोठी बहीण त्याच दवाखान्यात तीन नंबरच्या वॉर्डची प्रमुख सिस्टर होती आणि ती चारचौघांत तिला ‘छोटी’ अशीच हाक मारायची. तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. “घरी ताई, इथे सिस्टर,” छोटी म्हणायची, “दोन्हीकडे बहीणच. पळून जाणार कुठे?”

मंगळवारी दुपारी चार वाजता भेटायच्या वेळेला अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची मुलगी आली, तेव्हा आजोबा गेलेले होते. डोळे उघडे होते आणि लाल बटण मुठीत होतं. इतकं घट्ट की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

यंत्रणेची नोंद काढली. आजोबांनी सतरा मिनिटांत एक्केचाळीस वेळा बेल दाबली होती. आणि एक्केचाळीसही वेळा तिला उत्तर गेलं होतं: आले.

त्या वेळी टेबलाशी ताई एकटीच होती. खाटेपासून बारा पावलांवर.

“बेल वाजलीच नाही,” ताई म्हणाली. “एकदाही नाही.”

मुलीने सगळ्या वॉर्डासमोर तिच्या थोबाडीत मारली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत ताईवर कोणी आवाजही चढवला नव्हता. आणि त्या दिवशी त्या मुलीचा हात धरायला एकही सिस्टर पुढे झाली नाही.

२

ताईला घरी बसवलं. चौकशी सोमवारी अकरा वाजता.

दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. ताईने वॉर्डाशी आणि छोटीने खोक्यांशी लावलंय, असं शेजारीण म्हणायची. बुधवारी छोटी घरी आली तेव्हा ताई पलंगावरची चादर काढून पुन्हा घालत होती. कोपरे काटकोनात मोडायचे, ताणायचे, उपसायचे, परत मोडायचे. सकाळपासून तेच चाललं असावं.

“जेवलीस?” छोटीने विचारलं.

“तुझं ते खोकं काय म्हणतं आज?”

“ताई, मी शोधतेय. काहीतरी बिघाड...”

“माझी नोंदवही मी एकोणतीस वर्षं हाताने लिहिली. त्यात एक खाडाखोड दाखव कोणी. तू आलीस आणि म्हणालीस, ताई, आता हाताने लिहायला नको, यंत्र लिहील.” ताईने चादरीचा कोपरा खसकन ओढला. “लिहिलं बघ तुझ्या यंत्राने. एक्केचाळीस वेळा मी ‘आले’ म्हटलं आणि जागेवरून हलले नाही. बरं लिहितं. मलाच खरं वाटायला लागलंय.”

“तू हिरवं बटण दाबलं नाहीस ना? चुकून, सवयीने?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि छोटीला कळलं की तो निसटायला नको होता.

ताईने मान वळवली. तिच्या गालावर अजून बोटांची लाली होती. “त्या बाईने मला मारलं त्याचं काही नाही,” ती शांतपणे म्हणाली. “तिचा बाप गेला होता. तुझं काय गेलं होतं गं?”

त्या रात्री दोघींमधलं दार पहिल्यांदा आतून लागलं.

३

बेल कोणाला द्यायची, कधी थांबवायची, काय नोंदवायचं, हे सगळं बाहेरच्या एका कंपनीने लिहिलेल्या कोडच्या तुकड्यात ठरत होतं. तो तुकडा बंद डब्यासारखा होता. वापरायचा, उघडायचा नाही. छोटीने कंपनीला फोन लावला. तीनदा कापला गेला. चौथ्यांदा एक बाई बोलली.

“आमची यंत्रणा बरोबर आहे.”

“मी अजून तक्रार सांगितलीच नाही.”

“मॅडम, करार वाचा. आत बघायची परवानगी नाही.” आणि मग, फोन ठेवायच्या आधी, जरा खालच्या आवाजात: “बघूही नका.”

छोटीने डबा उघडला. करार गेला खड्ड्यात.

डिकंपायलर नावाचं अवजार असतं. यंत्राला कळणाऱ्या आकड्यांतून ते माणसाला वाचता येईल असा मजकूर परत उभा करतं. विणलेला स्वेटर उसवून लोकर हातात घ्यावी तसं काम. टाके कुठे आणि कसे पडले ते कळतं. विणणारीच्या मनात काय होतं ते कळत नाही. नावं सगळी पुसलेली. जिथे लिहिणाऱ्याने ‘खाट’, ‘बेल’, ‘वेळ’ म्हटलं असेल तिथे फक्त क, ख, ग. आणि जिथे अवजाराला समजत नाही तिथे ते बेधडक ठोकून देतं. छोटी त्याला अर्धा दुभाषा, अर्धा बंडलबाज म्हणायची, आणि त्याच्या दर ओळीवर संशय घ्यायची.

तिने आजवर पुष्कळ परकं कोड उसवलं होतं. काही आळशी असतं, काही घाबरट, काही नुसतं बडबडं. हे मात्र वाचणाऱ्याचा राग करणारं होतं. फंक्शनं, म्हणजे कोडमधले कामाचे कप्पे, एकमेकांकडे बोट दाखवून तिला फिरवत, पंधरा वळणं घेऊन जिथून निघालो तिथेच आणून सोडत. गुरुवारी दुपारी तिचे डोळे चुरचुरत होते आणि पंख्याच्या कुरकुरीची चीड येत होती, तेव्हा फंक्शन एकशे सतरा सापडलं.

बेलला दोन टोकं असतात. एक खाट, एक टेबल. माहितीपुस्तकात तसं चित्रच होतं.

या कोडात तीन होती.

४

छोटीने आधी दोष डिकंपायलरला दिला. मग दुसरं अवजार लावलं, वेगळ्या लोकांनी लिहिलेलं. तीनच.

बेल दाबली की हाक आधी तिसऱ्या टोकाला जायची. तिकडून उत्तर आलं नाही, तरच टेबलाला. एरवी तिसरं टोक गप्प असायचं आणि दवाखाना नेहमीसारखा चालायचा. पण कधीतरी तिकडून ‘आले’ यायचं. मग टेबलावर काहीच वाजायचं नाही. आणि एकदा त्याने एखादी बेल धरली की ती सुटत नव्हती. बाकीच्या खाटांच्या बेला वाजत राहायच्या, ही एक सोडून.

म्हणजे ताई खरं बोलत होती. छोटी खुर्चीतच रडली, मग नाक पुसलं आणि कामाला लागली. पुरावा हवा होता. तिसरं टोक आहे कुठे? प्रत्येक टोकाला नेटवर्कच्या जाळ्यावरचा एक पत्ता असतो. खाटेला होता, टेबलाला होता. तिसऱ्याच्या जागी काही नव्हतं. शून्यही नव्हतं, नुसती मोकळी जागा.

“बाहेरच्या कंपनीला थर्ड पार्टी, थर्ड पार्टी म्हणतो आपण,” ती पुटपुटली, “म्हणून काय खरंच तिसरं कोणी बसवायचं आत?”

तिच्या टेबलावर चाचणीसाठी एक बेल होती, तसंच लाल बटण, आणि सिस्टरांच्या टेबलावर असते तशी वाजणारी, हिरव्या बटणाची पाटी. तिने कोडात त्या जागी थांबा लावला, म्हणजे ब्रेकपॉइंट. तिथे पोचलं की प्रोग्रॅम गोठतो आणि आत कशात काय साठवलंय ते बघता येतं. मग बटण दाबलं.

प्रोग्रॅम गोठला. एका खणात आकडा होता: ३१२.

तिने पुढे जाऊ दिलं. बेल वाजली नाही. हिरव्या बटणाला कोणी हात लावला नव्हता, तरी पडद्यावर उमटलं: आले.

पुन्हा दाबलं. २७२. आले.

तिने भिंतीतली जाळ्याची वायर उपटली. आता खोलीबाहेरून काही येणं शक्यच नव्हतं. पुन्हा दाबलं.

२३२. आले.

काहीतरी आतल्या आत घड्याळासारखं मोजतंय, ती स्वतःला म्हणाली. दर वेळी चाळीस कमी होतात. साधी वजाबाकी. लिहिणारा गाढव होता, दुसरं काय.

५

शुक्रवारी सकाळी तिने आजोबांची नोंद पुन्हा काढली. तिच्यात एक रकाना होता, ज्याकडे कोणी बघितलं नव्हतं, कारण त्याला नाव नव्हतं. पहिल्या ओळीत १६००. दुसरीत १५६०. मग १५२०. अशा एक्केचाळीस ओळी. शेवटच्या ओळीत ०.

बेलांच्या वेळाही तिने पाहिल्या. सुरुवातीला आजोबा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बटण दाबत होते, माणूस पाणी हवं असेल तर दाबतो तसे. शेवटच्या दहा बेला एकमेकींना चिकटून होत्या. म्हातारा मदत मागत होता असं सगळे समजत होते. छोटी तो रकाना बघत राहिली आणि तिला वाटलं, शेवटी शेवटी तो मदत मागत नव्हता. जी येत होती तिच्यापासून वाचवा म्हणत होता. आणि त्यासाठी त्याच्या हातात तेच एक बटण होतं.

ती तीन नंबरच्या वॉर्डात गेली. सिस्टरांनी तिच्याकडे पाठ केली. एक जण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, “आली खुन्याची बहीण.” छोटीने अकरा नंबरच्या रिकाम्या खाटेला हात लावला आणि तिथून आपल्या तळघरातल्या टेबलापर्यंत पावलं मोजत चालत आली. व्हरांडा, जिना, खालचा व्हरांडा, तळघराचा जिना.

तीनशे बारा.

ती खुर्चीत बसली. योगायोग. माणसाची पावलं काही मोजपट्टी नसतात. जरा लांब टाकली असती तर तीनशे आली असती. ती उठली, आणि स्वतःलाच हसत, तीन बेलांनंतर उरलेली एकशे ब्याण्णव पावलं उलटी मोजत गेली. खालच्या व्हरांड्यात, कपड्यांच्या कपाटापाशी, मोजणी संपली. तिथे काही नव्हतं. कपाट, भिंत, फरशीवर उन्हाचा चौकोन. ती त्या जागेवर उभी राहिली. जागा इतर जागांसारखीच होती.

मागून ट्रॉली खडखडत आली. वॉर्डातल्या मावशी ढकलत होत्या.

“सरका हो बाजूला दोघी,” मावशी म्हणाल्या. “मधेच काय उभ्या राहता, वाट द्या.”

ट्रॉली निघून गेली. छोटी भिंतीला चिकटून उभी होती. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिने स्वतःला बजावलं. महिनाभर झाला शस्त्रक्रियेची तारीख मागतायत. त्यांना एकाचे दोन दिसतात.

ती तळघरात जाताना धावली नाही. पण वळूनही बघितलं नाही.

६

शनिवारी दुपारी तिने दार लावून घेतलं. सोमवारी नुसता डिकंपायलरचा मजकूर दाखवून भागणार नव्हतं. ते अवजार ठोकून देतं हे अधीक्षकांनाही कोणीतरी सांगितलं असतं. प्रत्यक्ष चालू प्रोग्रॅममध्ये तो आकडा कसा घटतो याची नोंद हवी होती. बेल दाबायची, गोठवायचं, आणि मग एकेक ओळ पुढे सरकवायची. त्या आज्ञेला स्टेप म्हणतात. एक पाऊल.

तिने बटण दाबलं. गोठला. १९२.

तिने स्टेप केलं. १९१.

वर कुठेतरी टक असा आवाज झाला.

नळाचा असेल. धुलाईच्या खोलीतून गरम पाणी गेलं की नळ वाजतात. तिने पुन्हा स्टेप केलं. १९०. टक. चामड्याच्या तळव्याचा बूट फरशीवर टेकावा तसा, सावकाश, पूर्ण वजनाचा.

ती थांबली. आवाजही थांबला. तिने हात मांडीवर ठेवले आणि मनात शंभर आकडे मोजले. पंखा कुरकुरत होता, शेजारी धुलाईचं यंत्र घुमत होतं. दुसरं काही नाही.

मग तिने मुद्दाम, अगदी अवचित, कळ दाबली.

टक.

छोटी तशी हट्टी बाई. अजून एकदा दाबून बघितलं असतं तर नळ की पाऊल याचा निकाल लागला असता. बोट कळीवर होतं. ते कळीवरून उचलायला तिला बराच वेळ लागला.

तिने प्रोग्रॅम बंद केला. १८९ हा आकडा फाइलमध्ये जपला गेला. तो पुसायचा प्रयत्न तिने केला आणि तो पुसला गेला नाही. जे जमलं ते छापून घेतलं. घरी जाताना ती मागच्या दाराने गेली, धुराड्याकडून, लांबच्या वाटेने.

ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. छोटीने तिला सगळं सांगितलं. मावशींचं आणि टक आवाजाचंसुद्धा. ताईने नळ बंद केला, हात पुसले.

“म्हणजे त्या आजोबांकडे कोणीतरी आलं होतं,” ती म्हणाली.

“मी तसं म्हटलं नाही.”

“माझ्या वॉर्डात. माझ्या पेशंटकडे. मला न विचारता.” तिच्या आवाजात भीती नव्हती. राग होता, थंड, वॉर्डात कोणी चुकीचं इंजेक्शन भरलं की यायचा तसा. “आणि तिला आत तू घेतलंस, छोटी. सही करून.”

७

चौकशी पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबल, त्यामागे अधीक्षक आणि दोन डॉक्टर. एका बाजूला आजोबांची मुलगी. समोर ताई, दाराकडे तोंड करून. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला धुरकट काच होती.

अधीक्षकांच्या सांगण्यावरून छोटीने आपली चाचणीची बेल आणि पाटी आणून लॅपटॉपला जोडली होती. प्रोग्रॅम सुरू करताच आकडा दिसला: ७४. इथवरचं अंतर वेगळं होतं. कपड्यांच्या कपाटाकडून या खोलीपर्यंत किती पावलं होतात ते मोजायचं तिने टाळलं.

“मॅडम, बाहेरच्या कंपनीचं कोड फोडलंत, त्याचं आपण नंतर बघू,” अधीक्षक म्हणाले. “नोकरी राहील असं समजू नका. आता बोला.”

छोटीने छापलेले कागद पुढे ठेवले. तिसरं टोक, टेबलाला न गेलेली हाक, नाव नसलेला रकाना. अधीक्षकांनी पानं उलटली, वाचली नाहीत.

“बहिणीसाठी माणूस काय काय लिहून आणेल. बेल दाबली तर वाजत नाही, हेच ना? दाबून दाखवा.”

“नको सर. कागदांवर सगळं आहे.”

“का नको?”

छोटीने कागद पुन्हा पुढे सरकवले. जे खरं होतं ते या खोलीत उच्चारलं असतं तर ताईचा निकाल तिथेच लागला असता.

“बघा,” अधीक्षक मुलीकडे वळून म्हणाले, “दाबली तर वाजेल, म्हणून दाबत नाहीत.” आणि त्यांनी हात लांब करून लाल बटण स्वतःच दाबलं.

पाटी गप्प राहिली. हिरव्या बटणाजवळ कोणाचाही हात नव्हता. पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं उमटलं: आले.

आजोबांची मुलगी हळूच म्हणाली, “वाजली नाही.” तिने ताईकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

ताई सुटली होती. तिथेच, त्या क्षणी. छोटीने पडदा मिटायला हात पुढे केला.

“थांबा,” अधीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “वायर सैल असेल. असले हातचलाखीचे खेळ मला नका दाखवू.” त्यांनी पुन्हा दाबलं, आणि दाबून धरलं.

३४. ३३. ३२.

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी चालत येत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिवसभर माणसं चालतात. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. पण छोटी पडद्याकडे बघत होती, आणि दर आकड्याला एक पाऊल पडत होतं, पूर्ण वजनाचं. अकरा. दहा. नऊ. तिने झेप घेऊन प्रोग्रॅम गोठवला.

२.

पावलं थांबली. धुरकट काचेमागे पांढरं काहीतरी उभं होतं, काचेच्या फार जवळ.

“सर, बटण सोडा,” छोटी म्हणाली. “मी विनंती करते.”

“चालू करा ते.”

“सर, नका...”

त्यांनी तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः कळ दाबली.

१.

दाराची मूठ फिरली. तेव्हा ताई उठली. पदर नीट केला, जसा वॉर्डात शिरताना करायची, आणि ताड ताड चालत दाराशी गेली. “पेशंट नाहीये इथे,” ती दाराकडे बघून म्हणाली. आवाज प्रमुख सिस्टरचा होता, नव्या नर्सना घाम फोडणारा. तिने दार स्वतःपुरतं उघडलं, बाहेर गेली आणि मागे लावून घेतलं.

दार उघडं होतं तेवढ्यात छोटीला दिसलं ते एवढंच: एक पांढरी बाही, मनगटाच्या पुढेही तशीच लांब गेलेली. तिच्या टोकाला एक अंगठा. तो हवेत काहीतरी दाबत होता. दाबत होता, उचलत होता, दाबत होता. अंगठ्याचं पुढचं पेर झिजून सपाट झालं होतं.

बाहेरून ताईचा दबका आवाज येत राहिला, नातेवाइकांना समजावताना असतो तसा. दुसरा आवाज नव्हता. पडद्यावर १ तसाच होता. अधीक्षकांच्या हातातून बटण कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नसावं. दहा मिनिटं झाली. मग आकडा एकदम नाहीसा झाला आणि ताई आत आली. ती जागेवर बसली, मांडीवर हात जुळवले.

“बोला सर,” ती म्हणाली. “मी ऐकतेय.”

८

‘यंत्रणेतील दोष’ असं लिहून अधीक्षकांनी सही केली. चौकशी संपली. आजोबांच्या मुलीने ताईचे पाय धरले. ताईने तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. आठवडाभरात सगळ्या वायरी निघाल्या, खाटेखाटेशी साध्या घंटा आल्या. छोटीची नोकरीही राहिली. करार मोडल्याचा विषय अधीक्षकांनी पुन्हा काढला नाही. ते हल्ली रोज वेगवेगळ्या डॉक्टरांकडून नाडी तपासून घेतात, असं मावशी सांगायच्या.

ताई बदलली. म्हणजे चांगली वागू लागली. छोटीशी बोलू लागली, दोघींमधलं दार उघडं राहू लागलं. एका रविवारी दुपारी ताई तिच्या केसांना तेल लावत होती, लहानपणी लावायची तसं. छोटीला विचारल्यावाचून राहवेना.

“तिला काय सांगितलंस गं तेव्हा?”

ताईची बोटं डोक्यावर फिरत राहिली. “म्हटलं, इथे पेशंट कोणी नाही. परत जा.”

“मग?”

“रिकाम्या हाताने परत जाता येत नाही म्हणाली.”

“बोलते ती?”

“बोलत नाही. अंगठा हलवते. नर्सला कळतं.” ताईने तेलाचं झाकण लावलं. “नाव लागतं म्हणाली. पुढचं कोणाचं, ते लिहून घ्यायला लागतं. आमच्याकडेही तसंच असतं, नोंद न करता ड्यूटी सोडता येत नाही.”

“मग दिलंस?”

“दिलं.”

नाव कोणाचं, हे विचारायला छोटीची जीभ रेटेना. खोलीत त्या दिवशी ताईचे गुन्हेगार दोघेच होते. एकाने बटण दाबलं होतं. दुसरीने सही केली होती, आणि ताई, तू चुकून हिरवं बटण दाबलं नाहीस ना, असं विचारलं होतं.

ताईने वेणी घातली, घट्ट, एकही बट न सोडता. मग पुढे वाकून तिने छोटीच्या कपाळावर हाताचा पालथा तळवा ठेवला आणि ताप बघताना ठेवतात तेवढा वेळ ठेवला.

“वेळेवर जेवत जा,” ती मायेने म्हणाली. “ऊन टाळ. आजारी मात्र पडू नकोस हं, छोटी.”

छोटीने मान हलवली. घसा सकाळपासून खवखवत होता. तिने हळूच आवंढा गिळून बघितला. दुखला.